चालिसाचा दुष्काळ आणि घराची अब्रू

लखनौचा बडा इमामबाडा पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम वेधून घेते ते त्याचे मध्यवर्ती दालन. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा या दालनाच्या छताला एकाही खांबाचा आधार नाही. विटा आणि चुना यांवर ते दोन शतकांहून अधिक काळ उभे आहे. या नवलाचे वर्णन करताना वास्तूची जन्मकथा मात्र पुष्कळदा एका वाक्यात आटोपली जाते. ही वास्तू दुष्काळात जन्मली.

विक्रम संवत १८४० म्हणजे इसवी सन १७८३-८४. संवताच्या आकड्यावरूनच लोकांनी या दुष्काळाला 'चालिसा' म्हटले. पावसाने ओढ दिली आणि दिल्लीपासून अवधपर्यंत पिके करपली. त्याच वर्षी आइसलँडमध्ये लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता; त्यामुळेही मोसमी वारे क्षीण झाले असावेत, असे काही शास्त्रज्ञ मानतात. शेतकऱ्याच्या घरात मात्र या कारणांची चर्चा नसते. तिथे एक क्रम असतो. आधी गुरे जातात, मग भांडी, मग बायकांच्या अंगावरचे डाग, आणि शेवटी बियाण्यासाठी राखलेले धान्य. बियाणे खाल्ले की पुढचे वर्षही खाल्ले जाते. त्यानंतर उरते ते गाव सोडणे.

मराठीत अशा संकटाला 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द आहे. तो किती नेमका आहे, हे वॉरन हेस्टिंग्जच्या पत्रावरून कळते. एप्रिल १७८४ मध्ये लखनौहून लिहिताना त्याने नोंदवले की, बक्सरपासून बनारसपर्यंत त्रस्त रयतेचा आक्रोश त्याचा पाठलाग करीत होता. अवर्षणाने हाल झाले हे त्याने मान्य केले. परंतु उजाड गावांचे मुख्य कारण सदोष आणि कदाचित जुलमी कारभारात असावे, अशी शंकाही व्यक्त केली. तो मुलूख कंपनीच्याच आधिपत्याखाली होता. अवधच्या नवाबावरही कंपनीच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी चढलेली होतीच.

अशा वेळी नवाब आसफउद्दौलाने १७८४ मध्ये इमामबाड्याचे काम काढले. वास्तुकार होता किफायतउल्ला. हेतू दुहेरी होता : मोहरमच्या शोकविधीसाठी वास्तू आणि उपाशी हातांना मजुरी. लखनौची आख्यायिका सांगते की, दिवसा सामान्य मजूर भिंती रचीत आणि रात्री खानदानी घरांतील लोक रचलेला भाग पाडीत. रात्र अशासाठी, की राबणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसू नये. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. पण लोकस्मृतीने भुकेबरोबर लाज जपून ठेवावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दुष्काळ घराची कोठी रिती करतो, तसाच चारचौघांतला त्याचा मानही हिरावून घेतो.

मराठी वाचकाला याची साक्ष दूर शोधावी लागत नाही. लखनौच्या दीडशे वर्षे आधी, १६३० च्या सुमारास दख्खनच्या भीषण दुष्काळात देहूच्या वाण्याच्या घरात असेच घडले. तुकोबांची एक पत्नी अन्नावाचून गेली. आत्मनिवेदनपर अभंगात ते हा आघात सांगतात, तेव्हा द्रव्याबरोबर मान गेल्याचे आणि जिवाला लाज वाटल्याचेही सांगतात. पंढरीच्या वारकऱ्याचे हे दुःख आणि लखनौच्या अंधारातील त्या अनामिकांचे दुःख एकाच जातीचे आहे. फरक इतकाच, की तुकोबांनी ते उघड्यावर मांडले.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात, एरवी मजुरीला न जाणाऱ्या शेतकरी घरांतील स्त्रियाही खडी फोडायला बसल्या. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीतील उणिवा अनेक असतील. तरी मागेल त्याला काम हा हक्क ठरला, हे त्याचे खरे ऐतिहासिक मोल. आसफउद्दौलाचे औदार्य मोठे होते, यात शंका नाही. पण दयेने मिळालेल्या भाकरीसाठी माणसाला तोंड लपवावेसे वाटते. हक्काच्या भाकरीसाठी रात्र होण्याची वाट पाहावी लागत नाही.