माहितीची खिडकी आणि तिचे मोल

फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विटर कंपनीने (आज तिचे नाव एक्स आहे) जाहीर केले की, आपल्या साठ्यातील मजकूर इतरांच्या संगणकांना मोफत पुरवणे आता बंद होईल. ही सोय 2006 पासून चालू होती. तिला ए.पी.आय. म्हणतात. तहसील कचेरीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा आणि ठरावीक नमुन्यात उत्तर घ्यायचे. आतल्या दप्तरखान्यात मात्र शिरता येत नाही. ए.पी.आय. ही अशीच खिडकी. फरक एवढाच की, इथे अर्ज करणारी एक संगणक आज्ञावली असते आणि उत्तर देणारी दुसरी.

खिडकीवर शुल्क बसले की काय होते? हा प्रश्न ट्विटरपेक्षा जुना आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारखी जंगले आकाशातून पाहण्याची खिडकीही एकेकाळी अशीच महाग झाली होती. तो इतिहास आधी पाहू.

वीस डॉलरचे चित्र

अमेरिकेने 23 जुलै 1972 रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. त्याच्या एका चित्रात सुमारे 185 किलोमीटर लांब-रुंद प्रदेश मावत असे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे 26 हजार चौरस किलोमीटर भरते. एका चित्राचे क्षेत्रफळ त्याहूनही मोठे. सुरुवातीला असे चित्र वीसेक डॉलरला मिळे. 1984 मध्ये अमेरिकेने कायदा करून ही विक्री खाजगी कंपनीकडे सोपवली आणि पुढे एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्याही वर गेली.

जंगलाच्या अभ्यासाला एक चित्र पुरत नाही. पानगळीआधीचे एक, नंतरचे एक, दहा वर्षांपूर्वीचे एक, अशी तुलना करावी लागते. त्यामुळे किंमत वाढली तेव्हा चित्रे तर कमी विकली गेलीच, पण संशोधकांनी प्रश्नही लहान केले. 1992 मध्ये कायदा बदलला. 1999 च्या लँडसॅट-7 ची चित्रे सुमारे 600 डॉलरना मिळू लागली आणि 2008 मध्ये सर्व संग्रह मोफत करण्याचा निर्णय झाला. विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी सुमारे 25 हजार चित्रे खपली होती. मोफत झाल्यावर वर्षभरात दहा लाखांहून अधिक चित्रे उतरवून घेतली गेली. उपग्रह तेच होते, चित्रेही तीच होती. बदलली होती ती फक्त खिडकीवरची पाटी.

आगीचा ठिपका

खुल्या खिडकीचा उपयोग आपल्या जंगलात कसा होतो, हे उन्हाळ्यात दिसते. फेब्रुवारीपासून पाचोळा वाळतो. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात, आणि मग ती पसरते.

ही आग उपग्रहाला कशी कळते? वीनच्या नियमानुसार वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या प्रारणाची प्रमुख तरंगलांबी कमी. सुमारे 300 केल्विन तापमानाची जमीन मुख्यतः 10 मायक्रोमीटरच्या आसपास प्रारण सोडते, तर 800 केल्विनची आग 3.6 च्या आसपास. म्हणून 4 मायक्रोमीटरजवळ पाहणाऱ्या उपकरणाला आग लख्ख दिसते. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून मोडिस या अमेरिकी उपकरणाच्या मोफत नोंदींवरून आगीचे इशारे देऊ लागले. पुढे व्हिअर्स हे अधिक बारकाईने पाहणारे उपकरण जोडले गेले. मोडिसचा ठिपका एक किलोमीटरचा होता, व्हिअर्सचा 375 मीटरचा आहे.

या नोंदींची नासाची खिडकी कोणालाही नाव नोंदवून उघडता येते. तिथे दर नाही, मर्यादा आहे: दहा मिनिटांत पाच हजार मागण्या. एखाद्याने सारी रांग अडवून धरू नये, एवढाच हेतू.

खिडकी खुली असल्याचा आणखी एक फायदा आहे. वीज केंद्र किंवा सिमेंटची भट्टी यांसारखी तप्त जागाही नकाशावर आगीसारखी उमटू शकते. मूळ नोंद सर्वांना पाहता आली, तर स्थानिक माणूस म्हणू शकतो, "हा वणवा नव्हे, ही भट्टी आहे."

पुन्हा 2023

त्याच वर्षी रेडिट या संकेतस्थळाने 1000 मागण्यांना 24 सेंट असा दर ठरवला. दर किरकोळ वाटतो. पण अपोलो नावाची एक लोकप्रिय आज्ञावली महिन्याला सुमारे 7 अब्ज मागण्या करत असे. गुणाकार केला तर महिन्याला जवळजवळ 17 लाख डॉलर! 30 जून 2023 ला अपोलो बंद पडली. ट्विटरच्या खिडकीवर समाजशास्त्राचे आणि अफवांच्या प्रसाराचे अभ्यास अवलंबून होते. त्यांतील अनेक थांबले. हवामानाचे इशारे देणाऱ्या सरकारी खात्यांना मात्र ओरड झाल्यावर, मे 2023 मध्ये, सूट मिळाली.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. संगणक चालवायला खर्च येतो, आणि लोकांनी लिहिलेला मजकूर फुकट उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या नफा कमावतात, हे रेडिटचे म्हणणे खोटे नाही. पण एकच दर लावला, तर नफेखोराबरोबर विद्यार्थीही बाहेर राहतो. नफेखोर निदान पैसे तरी भरू शकतो.

लँडसॅटचा दर कायद्याने वाढला आणि पुढे कायदाच बदलता आला, कारण उपग्रह लोकांच्या करातून उभा होता. भारताच्या 2023 च्या अंतराळ धोरणातही 5 मीटर किंवा त्याहून ढोबळ तपशिलाची उपग्रह-माहिती खुली ठेवण्याचे तत्त्व आहे. खाजगी खिडकीबाबत नागरिकांच्या हाती असे साधन फार थोडे असते. म्हणून ज्या माहितीवर गावाची सुरक्षा अवलंबून आहे, तिची खिडकी सार्वजनिक असावी, असे आम्हाला वाटते.

वर्गात एक कृती करून पाहता येईल. गावाच्या नकाशावर प्रमाणानुसार एक किलोमीटर आणि 375 मीटर बाजूचे चौकोन काढा. प्रत्येकात किती घरे, किती मोहाची झाडे आणि कोणत्या पायवाटा येतात ते मुलांना मोजू द्या. उपग्रह त्या चौकोनातून फक्त एक ठिपका पाठवतो. आत काय आहे ते मुलांनाच ठाऊक असते.