दंतचिकित्सालयातील कार्यालयीन प्रशिक्षणाची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

दंतवैद्यकाचा इतिहास बहुधा दंतवैद्यांचा, उपकरणांचा आणि औषधांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रुग्णाला भेटीची वेळ देणारी, त्याची नोंदपत्रिका जपणारी, उपचाराचा खर्च समजावून सांगणारी आणि जमाखर्च ठेवणारी व्यक्ती या इतिहासात क्वचितच दिसते. वास्तविक, दवाखान्यात पाऊल ठेवताच रुग्णाची पहिली गाठ पडते ती याच व्यक्तीशी. या कामाचे प्रशिक्षण अमेरिकेत कसे आकारास आले आणि भारतात ते का रेंगाळले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) दंतचिकित्सालयातील साहाय्यक कामाची विभागणी कशी झाली ते पाहणे.
२) कार्यालयीन प्रशिक्षणाची गरज कोणत्या कारणांनी निर्माण झाली याचा शोध घेणे.
३) भारतीय कायद्यातील या कामाचे स्थान तपासणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. एक व्यक्ती, अनेक कामे

१८४० साली बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय स्थापन झाले आणि दंतवैद्याच्या शिक्षणाला संस्थात्मक रूप आले. त्याच्या मदतनिसाला मात्र असे रूप येण्यास बराच काळ जावा लागला. न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य सी. एडमंड केल्स यांनी १८८५ साली मालविना क्युरिया या स्त्रीला कामावर घेतले. अमेरिकन दंतवैद्यकाच्या इतिहासात तिचा उल्लेख पहिली दंत-साहाय्यक म्हणून केला जातो. पुढे अनेक दवाखान्यांबाहेर ‘येथे स्त्री-परिचारिका उपस्थित आहे’ अशा अर्थाच्या पाट्या झळकू लागल्या. सोबतीशिवाय पुरुष डॉक्टरकडे जाणे ज्या काळात स्त्रियांसाठी प्रशस्त मानले जात नव्हते, त्या काळात या पाटीने स्त्री-रुग्णांसाठी दवाखान्याचे दार उघडले. म्हणजेच साहाय्यक स्त्रीची पहिली उपयुक्तता तांत्रिक नव्हती, तर सामाजिक होती. रुग्णाचे स्वागत, भेटींची वही, हत्यारांची स्वच्छता आणि खुर्चीशेजारची मदत ही सर्व कामे एकाच व्यक्तीकडे होती.

२. परवाना, प्रमाणपत्र आणि मागे राहिलेले टेबल

या एकत्रित कामातून पहिली शाखा वेगळी झाली ती दात स्वच्छ करण्याची. कनेटिकटमधील ब्रिजपोर्ट येथील डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या साहाय्यक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकविले. १९१३ साली त्यांनी डेंटल हायजिनिस्टसाठी पहिली शाळा काढली. पहिल्या तुकडीतून २७ स्त्रिया उत्तीर्ण झाल्या आणि त्यांपैकी काहींनी ब्रिजपोर्टच्या शाळांतील मुलांच्या दातांची निगा राखण्याचे काम केले. १९१५ साली कनेटिकट राज्याने या व्यवसायासाठी कायदा केला. या स्त्रीचा हात रुग्णाच्या तोंडात जात होता. म्हणूनच तिला परवाना देणे कायद्याला आवश्यक वाटले.

दुसरी शाखा खुर्चीशेजारच्या साहाय्यकाची. ज्युलिएट साउथर्ड यांच्या पुढाकाराने १९२४ साली अमेरिकन डेंटल असिस्टंट्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली. शिक्षण, कार्यक्षमता, निष्ठा आणि सेवा ही तिची चार तत्त्वे होत. यांतील पहिले तत्त्व शिक्षण हे असावे, ही बाब लक्षणीय आहे. मालकाने शिकविले तेवढेच ज्ञान, ही अवस्था बदलण्याची आकांक्षा तीत दिसते. १९४८ साली प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. १९६० पूर्वी या संघटनेने मान्य केलेले अभ्यासक्रम १०४ तासांपासून दोन शैक्षणिक वर्षांपर्यंत इतक्या भिन्न कालावधींचे होते. १९६० साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने अधिस्वीकृतीचे निकष मान्य केल्यावर या शिक्षणाला एकसूत्रीपणा येऊ लागला.

या प्रक्रियेत हायजिनिस्टला परवाना मिळाला आणि साहाय्यकाला प्रमाणपत्र मिळाले. कार्यालयीन काम मात्र साहाय्यकाच्या अभ्यासक्रमातील एक घटक म्हणून उरले. टेबलामागे बसणाऱ्या व्यक्तीला अमेरिकेत आजही परवान्याची अट नाही.

३. विम्याचे आगमन व कार्यालयाचे नवे महत्त्व

कार्यालयीन कामाला स्वतंत्र महत्त्व आले ते पैशाच्या व्यवहाराचे स्वरूप बदलल्यामुळे. रुग्णाने डॉक्टरला थेट पैसे देण्याच्या व्यवस्थेत एक वही पुरेशी होती. १९५४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दंतोपचारांची योजना मिळविली आणि तिच्या अनुषंगाने वॉशिंग्टन, ओरेगन व कॅलिफोर्निया या राज्यांत दंतसेवा महामंडळे उभी राहिली. आता उपचार एकाने घ्यायचा, दुसऱ्याने करायचा आणि पैसे तिसऱ्याने द्यायचे, अशी रचना झाली. तिसऱ्या पक्षाला उपचार दिसत नाही. त्याला दिसतो तो कागद. साहजिकच कागद तयार करणाऱ्याचे महत्त्व वाढले.

१९६९ साली उपचारांची एकसमान सांकेतिक यादी प्रसिद्ध झाली. १९९६ च्या आरोग्यविमाविषयक संघीय कायद्यानुसार २००० साली हीच यादी इलेक्ट्रॉनिक दाव्यांसाठी प्रमाण मानली गेली. या यादीचे स्वरूप पाहिले म्हणजे कार्यालयीन काम केवळ कारकुनी नाही हे ध्यानात येते. रुग्ण ज्याला सरसकट ‘दात साफ करणे’ म्हणतो, त्यातील प्रौढांची नेहमीची स्वच्छता डी१११० या संकेताखाली येते, तर हिरड्यांच्या विकारातील खोलवरची सफाई डी४३४१ खाली नोंदवावी लागते. संकेत चुकला तर दावा फेटाळला जातो आणि खर्चाचा भार रुग्णावर येऊ शकतो.

दातांच्या क्रमांकांचेही तसेच आहे. अमेरिकन पद्धतीत वरच्या जबड्याच्या उजव्या बाजूची पहिली दाढ ३ क्रमांकाची, तर भारतात रूढ असलेल्या द्विअंकी आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीच १६ क्रमांकाची असते. अमेरिकन दवाखान्यांच्या देयकांचे काम भारतातील कार्यालयांतूनही होत असल्याने, येथील कर्मचाऱ्याला या दोन्ही पद्धती अवगत असणे अगत्याचे ठरते. २००५ साली अमेरिकेत दंतचिकित्सालयांच्या व्यवस्थापकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. क्युरिया यांच्या नेमणुकीपासून येथवर पोहोचण्यास १२० वर्षे लागली.

४. भारतीय संदर्भ

भारतातील दंतशिक्षणाचे प्रवर्तक डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९१५ साली आयोवा विद्यापीठाची पदवी घेतली, बोस्टन येथील फोर्सिथ डेंटल इन्फर्मरीत काम केले आणि १९२० साली कोलकात्यात दंतमहाविद्यालय सुरू केले. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाशी संलग्न दंतमहाविद्यालय निघाले. दंतवैद्याच्या शिक्षणाचा पाया असा घातला गेला. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या तिघांची व्याख्या केली. दात स्वच्छ करणारा आणि कवळी बनविणारा कायद्यात आला; खुर्चीशेजारी उभा राहणारा आणि टेबलामागे बसणारा मात्र व्याख्येबाहेर राहिला.

याचा परिणाम महाराष्ट्रातील लहान शहरांत सहज दिसतो. एका डॉक्टरच्या दवाखान्यात बहुधा एकच मुलगी फोन घेते, नंबर लावते, हत्यारे निर्जंतुक करते, केसपेपर काढते आणि पैसेही घेते. तिचे ज्ञान पाहून पाहून आलेले असते. वर्षानुवर्षे काम करूनही हाती कागद नसतो. दवाखाना बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानुसार मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आणि उपचारांच्या नोंदींना पुराव्याचे मोल प्राप्त झाले. २०२३ साली डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. ज्या नोंदींवर डॉक्टरची बाजू आणि रुग्णाचा हक्क अवलंबून आहे, त्या नोंदी अप्रशिक्षित हातांत आहेत, हा अंतर्विरोध गंभीर म्हणावा लागेल.

अलीकडच्या काळात राष्ट्रीय कौशल्य विकास व्यवस्थेत दंत-साहाय्यक आणि रुग्णालयातील स्वागतकक्ष समन्वयक अशा भूमिकांसाठी पात्रता-आराखडे तयार झाले. मात्र लहान दवाखान्यात या दोन्ही भूमिका एकच व्यक्ती पार पाडते, हे वास्तव या विभागणीत सामावत नाही. १९४८ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत केला. साहाय्यक मनुष्यबळाचा नव्याने विचार करण्याची संधी या निमित्ताने उपलब्ध झाली आहे.

निष्कर्ष

१) रुग्णाच्या शरीराशी थेट संबंध येणाऱ्या कामाला कायद्याने लवकर ओळख दिली, नोंद, वेळ आणि हिशेब यांच्याशी निगडित काम दुय्यम मानले गेले.
२) अमेरिकेत कार्यालयीन प्रशिक्षणास खरी चालना विमाव्यवस्थेने दिली. भारतात बहुसंख्य रुग्ण दंतोपचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून करीत असल्याने तसा दबाव निर्माण झाला नाही.
३) भारतातील गरज विम्यापेक्षा नोंदींची विश्वसनीयता, रुग्णाची गोपनीयता आणि कर्मचाऱ्याची प्रतिष्ठा यांतून उद्भवते.
४) दंतमहाविद्यालये आणि वाणिज्य महाविद्यालये यांनी एकत्र येऊन अल्प मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखल्यास आणि त्यात पूर्वानुभवाला श्रेयांक दिल्यास, आज काम करीत असलेल्या स्त्रियांना त्याचा लाभ होईल.

केल्स यांच्या दवाखान्यातील स्त्रीमुळे इतर स्त्रियांना उपचाराचे दार खुले झाले. ते दार रोज उघडणाऱ्या व्यक्तीला शिक्षणाचे दार खुले करून देणे, ही आता शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे.