शेजाऱ्याची खिडकी, शेजाऱ्याचा कॅमेरा : खासगीपणाच्या हक्काची एक भारतीय पूर्वपीठिका

खासगीपणाच्या हक्काचा इतिहास सांगताना सामान्यतः १८९० मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त प्रसिद्ध झालेल्या वॉरन व ब्रँडाइस यांच्या निबंधापासून आरंभ केला जातो. परंतु त्याच्या दोन वर्षे आधी, १८८८ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने 'गोकल प्रसाद विरुद्ध राधो' या खटल्यात घराच्या खासगीपणाचा रूढिजन्य हक्क मान्य केला होता. शेजाऱ्याने आपल्या भिंतीवर लावलेला कॅमेरा जेव्हा आपल्या अंगणाकडे वळतो, तेव्हा उद्भवणारा प्रश्न हार्वर्डच्या निबंधापेक्षा या खटल्याला अधिक जवळचा आहे. त्या नात्याचा शोध घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

खटल्याचे मूळ साधे होते. नव्याने बांधलेल्या घराच्या व्हरांड्यातून व दारांतून शेजारच्या घरातील स्त्रियांच्या वावराचा भाग दिसतो, अशी ही तक्रार होती. इंग्रजी कायद्यात तिला थारा नव्हता. 'टॅपलिंग विरुद्ध जोन्स' (१८६५) या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने खिडकी उघडणे हा मालकाचा अधिकार मानला होता. ज्याला ती खुपते त्याने आपल्या जागेत भिंत उभारावी, एवढाच उपाय उरत होता. मुख्य न्यायमूर्ती एज यांनी मात्र हे इंग्रजी माप येथे लावले नाही. पडद्याची चाल ज्या समाजात आहे, तेथे अशी रूढी अवाजवी म्हणता येणार नाही आणि तिचा भरीव भंग झाल्यास दाद मागता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निर्णय एकाकी नव्हता. गुजरातमधील रूढीच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने असा हक्क त्यापूर्वीच मानला होता. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १८ मधील एक उदाहरण तर याच विषयाचे आहे : एखाद्या नगराच्या रूढीनुसार, शेजाऱ्याच्या घराचा सामान्यतः दृष्टीआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी कोणालाही उघडता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र असा हक्क स्वीकारला नाही. म्हणजेच हा हक्क प्रदेशाचा होता, सार्वत्रिक नव्हता. जेथे रूढी सिद्ध होईल, तेथेच तो नांदत होता.

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादा नजरेआड करून चालणार नाही. येथे संरक्षण मिळत होते ते घराण्याच्या अब्रूला. जिच्या नावाने हा हक्क सांगितला जाई, ती स्त्री त्याची स्वतंत्र धारक नव्हती. ती पडद्याआड असणे ही त्या हक्काची पूर्वअटच होती.

व्यक्ती ही हक्काची धारक झाली ती विसाव्या शतकातील संविधानिक विचारातून. १९६२ च्या खरकसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द ठरवल्या, परंतु खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला नाही. तो दर्जा २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमताने दिला. मूळचे नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी आपल्या निकालपत्रात गृह्यसूत्रे व अर्थशास्त्र यांचाही दाखला दिला आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि हा हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेला उद्देशून घडला. शेजारी त्याच्या कडेलाच राहिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेला विदावापर आपल्या कक्षेतून वगळला आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतींपुरते, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते मर्यादित आहे. अंगणात तुळशीला पाणी घालणारी, ओसरीवर वाचत बसलेली, दारात कोणाला तरी निरोप देणारी व्यक्ती यांपैकी कशातच नीट बसत नाही. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सहनिवासींच्या संमतीवाचून घराच्या निवासी भागात लावलेले कॅमेरे खासगीपणाचा भंग करतात, असे ठरवले. पण तो वाद एकाच घरातील होता. कुंपणापलीकडील कॅमेऱ्याबाबत वादी पुन्हा उपद्रवाच्या आणि रूढीच्या जुन्या कायद्याकडेच वळण्याची शक्यता अधिक.

या पेचाचा माग शब्दांतही लागतो. अरबी 'खास'वरून आलेला 'खासगी' हा शब्द मराठी राजवटीत राजकुटुंबाच्या स्वतंत्र मालमत्तेसाठी रूढ होता. होळकरांची 'खासगी' हे त्याचे परिचित उदाहरण. 'गोपनीयता' या शब्दात लपवण्याचा अर्थ आहे. परंतु अंगणातील माणूस काही लपवत नसतो. आपल्यावर कोणी सतत नजर ठेवू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. त्या अपेक्षेला 'गोपनीयता' म्हटले की तक्रारदारच संशयित ठरतो. 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ 'खोली' असा आहे, आणि न्यायालयाची 'इन-कॅमेरा' सुनावणी आजही बंद दाराआड होते.

१८८८ च्या निकालाचा पडद्यावरील आधार आज स्वीकारता येणार नाही. मात्र त्याने विचारलेला प्रश्न उपयुक्त आहे : घराचा जो भाग सामान्यतः दृष्टीआड असतो, तो भरीव प्रमाणात उघडा पडतो काय? या प्रश्नाच्या केंद्रस्थानी अब्रूऐवजी व्यक्तीची प्रतिष्ठा ठेवावी लागेल, आणि त्यात एक भर घालावी लागेल. खिडकीतील माणूस केव्हातरी आत जातो, पाहिलेले विसरतो. कॅमेरा दोन्ही करत नाही. जुनी रूढी नजरेपुरती होती. नव्या कायद्याला नजरेबरोबर स्मृतीचाही विचार करावा लागेल.