मूळ प्रत आणि नक्कल

1858 च्या एप्रिलात झाशी पडली, तेव्हा संस्थानचा ग्रंथसंग्रह गोऱ्या शिपायांच्या हातून कसा धुळीस मिळाला, हे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहून ठेवले आहे. खुद्द त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे भाग्य मात्र थोर! भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी तो 1907 साली छापला, पण भाषेत फेरफार करून व काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखित शिल्लक होते, म्हणूनच 1966 मध्ये महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांना भटजींचा अस्सल मजकूर वाचकांपुढे ठेवता आला.

आपल्या घरोघरच्या व्हिडिओ फितींचीही आज हीच गोष्ट आहे. व्हीएचएस 1976 साली जपानात निघाली. पुढील दशकात आपल्याकडील मुंजी, लग्ने, गणेशोत्सवातील नाटके तिच्यावर उतरली. दमट हवेने फितीवरील चुंबकीय लेप बिघडतो, बुरशी चढते. नवी यंत्रे बनणेही 2016 मध्ये थांबले. तेव्हा तबकडीवर नक्कल करवून घ्यावी, हे खरेच. तीन तासांच्या फितीला तीन तास द्यावेच लागतात. परंतु डीव्हीडीच्या 4.7 गिगाबाइटांत मावण्यासाठी चित्र आवळले जाते, म्हणजे येथेही थोडी गाळणी आलीच. शिवाय घरगुती तबकडीवरील रंगलेपही कालांतराने विटतो. नक्कल होताच फीत रद्दीत टाकण्याची घाई कशासाठी? ती कोरड्या कपाटात उभी ठेवावी आणि चित्रातील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांची नावे वेष्टनावर लिहून घ्यावीत.