फोल्डर ‘कॉम्प्रेस’ केल्यावर कॉम्प्युटरमध्ये खरंच जागा होते का?

घरच्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरून लाल दिसायला लागला, की कोणीतरी सांगतंच, ‘फोल्डर कॉम्प्रेस कर, जागा होईल.’ होते, पण प्रत्येक फोल्डरमध्ये नाही. आत कसल्या फायली आहेत, त्यावर ते ठरतं.

विंडोजमध्ये ही सोय आधीपासूनच आहे, वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि ‘कॉम्प्रेस कंटेंट्स टू सेव्ह डिस्क स्पेस’समोर टिक करा. मग ओके आणि अप्लाय. आतल्या फोल्डरनाही लावायचं का असं विचारलं, तर हो म्हणा. फायली पूर्वीसारख्याच उघडतात. आयकॉनवर दोन छोटे निळे बाण दिसले तर घाबरू नका, तो व्हायरस नाही, कॉम्प्रेस झाल्याची खूण आहे. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये हा पर्यायच नसेल, तर तो ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस पद्धतीचा नाही. पेनड्राइव्हचं बरेचदा असंच असतं.

किती जागा वाचली ते प्रॉपर्टीजमध्येच कळतं. ‘साइज’ म्हणजे फायलींचा मूळ आकार, ‘साइज ऑन डिस्क’ म्हणजे प्रत्यक्ष अडलेली जागा.

आता खरी गोम. मोबाइलमधले जेपीजी फोटो, लग्नाच्या शूटिंगचे एमपी४ व्हिडिओ, एमपी३ गाणी हे सगळं मुळातच दाबून साठवलेलं असतं. ते पुन्हा कॉम्प्रेस करणं म्हणजे उसाचं चिपाड परत चरकात घालणं. आणि घरच्या कॉम्प्युटरवर जास्त जागा नेमकी यांनीच खाल्लेली असते! नवीन वर्ड-एक्सेल फायली आणि बहुतेक पीडीएफही फारशा घटत नाहीत. फायदा होतो तो साध्या टेक्स्ट फायली, जुन्या डॉक आणि एक्सएलएस फायली, बीएमपीमध्ये केलेले स्कॅन यांचा.

झिपचं गणित वेगळं आहे. झिप केल्यावर मूळ फोल्डर तसाच राहतो, म्हणजे उलट आणखी जागा जाते. मूळ फोल्डर काढून रिसायकल बिन रिकामा केला तरच जागा सुटते. पण त्याआधी झिप उघडून आतल्या दोन-चार फायली तपासा. सातबारा, विम्याच्या पावत्या, मुलांच्या मार्कशीट असतील तर दुसरी प्रत बाहेर ठेवल्याशिवाय काहीच डिलीट करू नका.

विंडोजचा फोल्डर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा यांना हात लावू नका. तिथे सतत लिहिणं-वाचणं चालतं, काम संथ होतं.

जागा कशाने भरलीय ते सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे दिसतं. टेंपररी फायली आधी तिथूनच काढा, डाउनलोड्सवर टिक असेल तर ती मात्र पाहून घ्या. व्हिडिओंसाठी बाहेरची हार्ड डिस्क हाच उपाय. कॉम्प्रेस केलेलं पुन्हा मोकळं करायचं असेल तर तीच टिक काढा, मात्र फायली मूळ आकारात मावतील एवढी जागा ड्राइव्हमध्ये हवी.