मालिकेचे वर्तुळ आणि परलोकाचा प्रश्न

अमेरिकन कुटुंबे ‘सिम्पसन्स’पेक्षा ‘वॉल्टन्स’सारखी असावीत, अशी अपेक्षा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी जानेवारी १९९२ मध्ये धार्मिक प्रसारकांच्या अधिवेशनात व्यक्त केली. ऑगस्टमध्ये पॅट ब्यूकॅनन यांनी ह्यूस्टनच्या रिपब्लिकन अधिवेशनात अमेरिकेच्या आत्म्यासाठी धर्मयुद्ध चालू असल्याचे घोषित केले. ८ ऑक्टोबर रोजी फॉक्स वाहिनीवरून ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेचा ‘होमर द हेरेटिक’ हा भाग प्रक्षेपित झाला. लेखन जॉर्ज मायर यांचे, दिग्दर्शन जिम रीअर्डन यांचे. अशा निर्मितीस कित्येक महिने लागत असल्याने या भागाला त्या भाषणांचे प्रत्युत्तर समजणे योग्य नव्हे. दोहोंमागील सांस्कृतिक ताण मात्र एकच होय.

कडाक्याच्या थंडीतल्या एका रविवारी होमर चर्चला जाण्याचे नाकारतो. स्वप्नात आलेला देव प्रथम संतापतो, नंतर त्याचे म्हणणे बव्हंशी मान्य करतो. येथे रेखाटनाचा संकेत लक्षणीय आहे. मालिकेतील माणसांच्या हाताला चार बोटे असतात. या देवाला पाच आहेत. म्हणजे देवाशी सलगी करणारी ही संहिता त्याचे वेगळेपण रेषेतून जपते. तिचे पाखंड ईश्वराविरुद्ध नसून उपासनेच्या संस्थेविरुद्ध आहे.

पुढे होमरच्या सिगारने घर पेटते. धर्मनिष्ठ शेजारी नेड फ्लँडर्स त्याला वाचवतो. आग विझवणाऱ्यांत ज्यू क्रस्टी आणि हिंदू अपू असतात. ईश्वर या शेजाऱ्यांच्या अंतःकरणात कार्यरत होता, असा निर्वाळा देताना रेव्हरंड लव्हजॉय ख्रिस्ती आणि ज्यू यांची नावे घेतो, अपूला मात्र ‘किरकोळ’ ठरवतो. अपू सत्तर कोटी हिंदूंची आठवण करून देतो. उपरोधाचा रोख पाद्र्याच्या अज्ञानावर आहे. तरीही अपूचा भारतीय उच्चार हँक अझेरिया या गोऱ्या नटाचा होता. हरी कोंडाबोलू यांच्या २०१७ च्या माहितीपटाने त्यावर आक्षेप घेतला आणि २०२० मध्ये अझेरियाने ती भूमिका सोडली. इतरांना ‘किरकोळ’ ठरविणाऱ्या दृष्टीला हसणारी संहिता त्या दृष्टीपासून पूर्णतः मुक्त नव्हती.

अखेरीस होमर चर्चमध्ये परततो आणि तेथेच झोपी जातो. स्वप्नातल्या स्वर्गात तो जीवनाचा अर्थ विचारतो. मेल्यावर कळेल, असे देव सांगतो. इतके थांबवत नाही म्हटल्यावर, सहा महिनेही नाही का, असे विचारतो. मग तो अर्थ सांगू लागतो, तोच श्रेयनामावली सुरू होते.

हा केवळ विनोदी कलाटणीचा शेवट नव्हे. ख्रिस्ती काळ मृत्यू आणि अंतिम न्याय यांकडे सरळ रेषेत जातो. विनोदी मालिकेचा काळ दर आठवड्यास मूळपदावर येतो. परलोकाचे उत्तर मिळाले तर वर्तुळ तुटेल. म्हणूनच देवाने सुचविलेली सहा महिन्यांची मुदत तीन दशके उलटूनही संपलेली नाही. होमरला परलोकापासून दूर ठेवते ती त्याची अश्रद्धा नव्हे, तर मालिकेचा रूपबंध.