थंड हवेचा श्वास आणि पाटणचा पाऊस

कराडहून चिपळूणकडे निघालेला रस्ता मल्हारपेठ, नवारस्ता मागे टाकत पाटणला पोहोचतो, तोवर त्याची चाल बऱ्यापैकी सरळ असते. पुढे कोयनेच्या खोऱ्यात तो वळणे घेऊ लागतो आणि हेळवाक ओलांडून कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आला की गाडी चालवण्याची हौस असणाऱ्यांना हवे ते सगळे एकाच ठिकाणी मिळते. पावसाळ्यात सडावाघापूरचे पठार आणि तिथला उलटा धबधबा पाहण्यासाठीही पुणे, कोल्हापूर, सांगलीकडून गाड्या येतात. यांतल्या काही गाड्यांचे बॉनेट उघडले, तर कारखान्यातून आलेली काळी प्लॅस्टिकची पेटी जागेवर नसते. तिच्या ऐवजी एक चकचकीत नळी आणि नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर दिसतो. ‘कोल्ड एअर इनटेक’ या नावाने विकली जाणारी वस्तू ती हीच. ती कशासाठी घ्यावी, कशी बसवावी आणि वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या कोयनानगरच्या वाटेवर तिचे काय होते, हे प्रश्न पैसे मोजण्यापूर्वी विचारलेले बरे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण वजनाने पाहिले तर ते मुख्यतः हवेवर चालते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला थोडी कमी पुरते. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी साधारण नऊ हजार लिटर हवा इंजिनाला ओढून घ्यावी लागते, असा हा हिशेब. १.६ लिटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात ते ४,८०० लिटरपर्यंत हवा गिळते. हवा गरम झाली की विरळ होते. बॉनेटखालची हवा ६० अंश सेल्सिअसवर आणि बाहेरची ३० अंशांवर असेल, तर तेवढ्याच जागेत बॉनेटखालच्या हवेचे वजन सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरते. गरम हवेत इंजिनाचा ‘नॉक’ होण्याचा धोकाही वाढतो. तो टाळण्यासाठी आधुनिक गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि शक्ती आणखी घटते. इंजिनाला शक्य तितकी बाहेरची हवा मिळावी, यामागचे शास्त्र एवढेच आहे.

जाहिरातीत न येणारी गोष्ट अशी, की बहुतेक आधुनिक गाड्यांची मूळ पेटी बाहेरचीच हवा घेते. पुढच्या जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी तिची सोंड असते. कारखान्याच्या अभियंत्यांना हवेचे तापमान ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना तापमानाबरोबर आवाज, धूळ, पाणी आणि खर्चही सांभाळायचे होते. त्यामुळे मूळ पेटी काढून उघडा शंकू इंजिनाशेजारीच बसवला, तर थंड हवेऐवजी गरम हवाच पदरी पडते. बाजारात ‘शॉर्ट रॅम’ म्हणून मिळणारा प्रकार बहुधा असाच असतो. तो स्वस्त असतो आणि बसवायला सोपा. त्याचा आवाज दणदणीत येतो आणि त्या आवाजानेच गाडी वेगवान झाल्याचा भास होतो. खरा कोल्ड एअर इनटेक फिल्टरला इंजिनापासून दूर, पुढच्या बम्परच्या मागे किंवा मडगार्डच्या पोकळीत नेतो. निदान उष्णता अडवणारी पत्र्याची वा प्लॅस्टिकची भिंत तरी तो फिल्टरभोवती उभी करतो.

मग लाभ किती? टर्बो नसलेल्या लहान इंजिनात तो बहुधा मोजक्या अश्वशक्तीचा असतो आणि तोही वरच्या फेऱ्यांत. २००१ साली भारतात आलेल्या फियाट पॅलिओच्या १.६ लिटर इंजिनाची शक्ती १०० अश्वशक्तीच्या घरात होती. अशा गाडीत दोन-चार अश्वशक्ती मिळाली तरी शहरातल्या वाहतुकीत ती जाणवणे कठीण. खालच्या फेऱ्यांतला ‘पिकअप’ तर काही वेळा कमीच होतो, कारण मूळ नळीची लांबी आणि तिच्यातल्या हवेच्या लहरी त्या फेऱ्यांसाठीच जुळवलेल्या असतात. टर्बो गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. रांजणगावात तयार झालेली १.४ लिटरची अबार्थ पुंटो किंवा चाकणच्या कारखान्यातून २०२२ पर्यंत बाहेर पडलेली फोक्सवॅगन पोलो यांच्या टर्बो इंजिनांत हवा दाबली जाताना तशीही तापते आणि तिला थंड करण्याचे मुख्य काम इंटरकूलर करतो. तिथे नव्या नळीचा उपयोग हवेचा अडथळा कमी करण्यापुरता होतो. संगणकातील आज्ञावली बदलून टर्बोचा दाब वाढवला असेल, तर हा उपयोग अधिक दिसतो.

पाटण समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर त्याच तापमानाची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते. म्हणजे टर्बो नसलेली गाडी कुंभार्ली उतरून चिपळूणला गेली, की हवेच्या घनतेत तिला जे फुकट मिळते ते कोणतीही नळी पाटणात देऊ शकत नाही. कोकणातला उकाडा त्यातले थोडे परत घेतो, हा भाग निराळा.

निवड करताना

पहिला प्रश्न मापाचा. ज्या गाड्यांत येणारी हवा ‘मास एअर फ्लो’ सेन्सर मोजतो, तिथे सेन्सर बसण्याच्या जागी नळीचा व्यास मूळ नळीइतकाच हवा. व्यास वाढला तर सेन्सरला हवा कमी असल्याचा भास होतो, संगणक इंधन कमी सोडतो आणि मिश्रण पातळ होते. ऐन वेगात पातळ मिश्रण पिस्टनच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच गाडीचे नाव, इंजिन आणि वर्ष यांनुसार बनवलेला संच घ्यावा. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जावे. नळी अॅल्युमिनिअमची असली तर देखणी दिसते पण लवकर तापते. जाड प्लॅस्टिकची नळी दिसायला साधी असली तरी उष्णता कमी घेते. कार्बन फायबरचे पैसे मुख्यतः देखणेपणाचे असतात.

दुसरा प्रश्न फिल्टरचा, आणि पाटण तालुक्यात तोच अधिक महत्त्वाचा. पठारांवर जांभ्याची तांबडी धूळ असते. वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या वाटेवर उन्हाळ्यात ती काचेवर थर धरते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना पाचोळा आणि माती यांची भर पडते. कागदी फिल्टर बारीक धूळ चांगली अडवतो, पण धुता येत नाही. तेल लावलेला सुती जाळीचा फिल्टर धुऊन अनेक वर्षे वापरता येतो आणि त्यातून हवा मोकळी जाते. तेल जास्त झाले मात्र ते सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते आणि मोजमाप चुकू लागते. सिलिंडरमध्ये शिरलेली बारीक माती पिस्टनच्या रिंगा घासते. दोन-चार अश्वशक्तीच्या मोबदल्यात हा सौदा परवडणारा नाही.

पाण्याचा धोका

फिल्टर जितका खाली तितकी हवा थंड, आणि पाणीही तितकेच जवळ. १.६ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा साधारण ४५ मिलिलिटरची असते. चहाच्या अर्ध्या कपाहूनही ती कमी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. तेवढे पाणी एका सिलिंडरमध्ये शिरले, तरी वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर पूर्ण बुडावा लागतो असेही नाही. इंजिनाची ओढ इतकी असते, की त्याचा खालचा भाग पाण्याला टेकला तरी पुरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मूळ स्थितीतल्या कितीतरी गाड्यांचीही अशी गत झाली होती. बम्परमागे फिल्टर लोंबत असलेल्या गाडीला एवढा पूर लागत नाही.

कोयना धरणातून विसर्ग वाढला की पाटणजवळचा मूळगावचा पूल पाण्याखाली गेल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. घाटातले ओढेही ऐन पावसात रस्त्यावरूनच वाहतात. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मीरगाव येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली होती. पाण्याखालचा रस्ता कोणत्याच गाडीने ओलांडू नये, हा झाला पहिला नियम. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक नुकसान त्या दुसऱ्या ‘स्टार्टर’नेच होते. गाडी ओढून बाहेर काढावी, प्लग काढून सिलिंडर तपासून घ्यावेत. फिल्टरवर घालायचे पाणी झटकणारे कापडी आवरण मिळते. ते तुषारांपासून वाचवते, बुडण्यापासून नाही. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात बाराही महिने गाडी चालवणाऱ्याने बम्परखालच्या लांब नळीऐवजी मूळ सोंडेतूनच हवा घेणारी बंद पेटी निवडणे शहाणपणाचे.

बसवताना

काम दीड-दोन तासांचे असते. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण तार आधी काढावी. सेन्सरची जोडणी ओढून न काढता खटका दाबून सोडवावी, त्याच्या तारेला बोट लावू नये. पेटी काढताना इंजिनाकडून येणाऱ्या ब्रीदरच्या रबरी नळ्या कुठे लागल्या होत्या, त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. त्यांतली एकही उघडी राहता कामा नये. नवी नळी बसवताना सर्व क्लँप आधी सैल ठेवावेत, नळीची दिशा जुळल्यावरच आवळावेत. गाडी गिअरमध्ये झटका घेते तेव्हा इंजिन हलते, म्हणून नळी आणि आजूबाजूच्या पत्र्यात बोटभर अंतर हवे. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये कुठेही फट राहिली, तर न गाळलेली हवा आत जाते. गाडी सुरू केल्यावर सुस्कारा ऐकू आला किंवा इंजिनाचा दिवा पेटला, तर सांधे पुन्हा तपासावेत. दोन-तीनशे किलोमीटरनंतर क्लँप एकदा आवळून घ्यावेत.

कागदपत्रांकडेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आवाज आणि धूर यांची मानके वेगळीच लागू होतात. ‘पीयूसी’चा कागद खिशात असणे म्हणजे बदलाला मान्यता मिळणे नव्हे. शंका असेल तर कराडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात (एमएच-५०) आधी विचारणा करावी. विमा कंपनीलाही बदलाची लेखी कल्पना द्यावी. पाणी शिरून झालेले इंजिनाचे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण घ्यावे लागते. नवीन गाडीची इंजिनाबाबतची वॉरंटीही अडचणीत येऊ शकते.

काढलेली मूळ पेटी भंगारात देऊ नये. तिची तोंडे बांधून ती कोरड्या जागी ठेवावी. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवाच्या आसपास, तासाभराच्या कामात ती पुन्हा जागेवर बसते आणि नवी नळी दसऱ्यापर्यंत कपाटात राहते.